तिथं पाऊस पडतो का?

दुसऱ्या ताऱ्यांभोवती ‘पृथ्वीसारखे’ ग्रह सापडल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. पण एखादा ग्रह राहण्याजोगा ठरतो, तो नेमका कशामुळे? आकाशवाणीवरील भाषणाचा हा संपादित भाग.



२००७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. एका दुष्काळी तालुक्यातल्या शाळेच्या मैदानावर आम्ही आकाशदर्शनासाठी दुर्बीण लावली होती. शनीची कडी पाहायला सारा गाव रांगेत उभा होता. त्याच्या आदल्याच आठवड्यात वर्तमानपत्रांतून एक बातमी गाजली होती. तूळ राशीतल्या एका मंद ताऱ्याभोवती पृथ्वीसारखा ग्रह सापडला होता आणि तो म्हणे राहण्याजोगा होता. तूळ रास तेव्हा आग्नेयेला वर आली होती. मी तिकडे बोट दाखवून, जरा रंगवूनच, ती हकिकत सांगितली. मुले खूश झाली. तेवढ्यात मागे घोंगडीवर बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने विचारले, “गुरुजी, तिथं पाऊस पडतो का हो?”

मैदानात हशा पिकला. मीही हसलो. “ते काही अजून कळलेलं नाही, आबा,” असे म्हणून वेळ मारून नेली आणि पुढच्या ताऱ्याकडे वळलो. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. पुढे जसजसे या विषयावर वाचत गेलो, तसतसे लक्षात आले, की त्या रात्री विचारल्या गेलेल्या सगळ्या प्रश्नांत तोच सर्वांत नेमका होता. आज त्याचेच उत्तर, जमेल तेवढे, द्यायचा विचार आहे.

एका बातमीचे पुढे काय झाले

आधी त्या बातमीचे काय झाले ते सांगतो. ग्रहाचे नाव ग्लिझ ५८१ सी. त्याचा तारा आपल्यापासून सुमारे २० प्रकाशवर्षांवर आहे. ग्रहाचे वस्तुमान पृथ्वीच्या किमान पाचपट आणि त्याचे वर्ष अवघे १३ दिवसांचे. म्हणजे तो ताऱ्याला अगदी खेटून फिरतो. पण ताराच सूर्यापेक्षा पुष्कळ मंद असल्यामुळे ग्रह भाजून निघत नसावा, त्याचे तापमान शून्य ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे, असा अंदाज शोधकर्त्यांनी दिला. शून्य ते ४० म्हणजे आपल्याला ओळखीचेच हवामान. बातमीला पंख फुटले ते त्यामुळेच.

या हिशेबात एक गोष्ट धरलेली नव्हती. ग्रहाला हवा असेल, तर ती किती ऊब धरून ठेवील? त्याच वर्षी इतर शास्त्रज्ञांनी हवेचा परिणाम धरून गणित पुन्हा मांडले, तेव्हा तो ग्रह शुक्रासारखी भट्टी असण्याचीच शक्यता दिसली. २०१० मध्ये त्याच ताऱ्याभोवती ‘जी’ नावाचा आणखी एक ग्रह, अगदी योग्य अंतरावर, सापडल्याचे जाहीर झाले. पुन्हा मथळे झळकले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले, की ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या घडामोडींमुळे ग्रह असल्याचा भास झाला होता.

यात कोणी लबाडी केली, असे नाही. शास्त्रज्ञांनी आपल्यापाशी होती त्या माहितीवरून अंदाज केला, दुसऱ्यांनी तो तपासला आणि सुधारला. विज्ञान असेच पुढे जाते. चूक होते ती आपली, वाचणाऱ्यांची. ‘राहण्याजोगा’ हा शब्द वाचला, की आपण तिथे मनातल्या मनात घर बांधायला घेतो. शास्त्रज्ञाच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ फार माफक असतो.

पट्ट्यातली जमीन

सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह स्वित्झर्लंडच्या मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी १९९५ साली शोधला. त्याबद्दल त्यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज खात्रीने ओळखलेल्या अशा ग्रहांची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली आहे. ही संख्या वाढवण्यात २००९ ते २०१८ या काळात काम केलेल्या केप्लर दुर्बिणीचा वाटा फार मोठा आहे.

हे बहुतेक ग्रह आपल्याला दिसत नाहीत. ते ओळखू येतात. २००४ च्या जून महिन्यात शुक्राचे अधिक्रमण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकत गेला. दूरच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह असाच गेला, तर ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना कोणी दुरून पाहिली, तर त्याला सूर्याचा प्रकाश सुमारे १२ हजारांत एका भागाने घटलेला दिसेल. एवढ्याशा घटीवरून ग्रहाचा आकार कळतो, आणि ती किती दिवसांनी पुन्हा होते त्यावरून त्याचे वर्ष. दुसरी पद्धत म्हणजे ग्रहाच्या ओढीने तारा किती डुलतो ते मोजणे. त्यातून वस्तुमानाचा अंदाज येतो. पडद्यावरच्या सावलीवरून माणसाची उंची सांगता येते. तो जेवला आहे की उपाशी, हे सांगता येत नाही. तशी ही माहिती आहे.

एवढ्या माहितीवर एक प्रश्न मात्र विचारता येतो. हा ग्रह आपल्या ताऱ्यापासून अशा अंतरावर आहे का, की त्याच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल? फार जवळ असेल तर पाण्याची वाफ होईल, फार लांब असेल तर बर्फ. या दोहोंमधल्या जागेला वसतियोग्य पट्टा म्हणतात. पाण्यावरच भर का, तर आपल्याला माहीत असलेले सर्व जीवन, अगदी सूक्ष्म जंतूसुद्धा, द्रवरूप पाण्यावाचून जगू शकत नाही.

हा पट्टा कुठून कुठपर्यंत, याचे पायाभूत गणित अमेरिकेतल्या जेम्स कास्टिंग यांनी सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये मांडले. २०१३ मध्ये मूळचे भारतीय असलेले रवी कुमार कोप्परापू यांनी कास्टिंग व इतरांच्या साथीने ते सुधारले. पृथ्वी-सूर्य अंतर एक मानले, तर आपल्या सूर्याचा पट्टा ०.९९ पासून १.६७ पर्यंत येतो, असे त्यांचे उत्तर होते. म्हणजे पृथ्वी पट्ट्याच्या मध्यावर नाही. आतल्या काठाला जवळजवळ चिकटून आहे. ढगांचा अधिक नीट विचार करणाऱ्या नंतरच्या गणितांनी ही आतली सीमा सूर्याकडे आणखी थोडी सरकवली, एवढाच दिलासा.

पण पट्ट्यात असणे पुरेसे आहे का? धरणाच्या लाभक्षेत्रात जमीन आहे म्हणून रानात पाणी आलेच, असे होत नाही, हे आपल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. पाट यावा लागतो. मंगळ १.५२ अंतरावर आहे. तो पट्ट्यात बसतो आणि ओसाड आहे. आपला चंद्र तर सूर्यापासून आपल्याइतक्याच अंतरावर आहे. त्याच उन्हात फिरतो, आणि तिथे थेंबभर पाणी उघड्यावर टिकत नाही. कारण त्याला हवा नाही.

पांघरूण

पृथ्वी सूर्याकडून जेवढी उष्णता घेते तेवढाच हिशेब केला, तर आपल्या पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश यायला हवे. सगळे समुद्र गोठायला हवेत. प्रत्यक्षात ते सुमारे १५ अंश आहे. मधला ३३ अंशांचा फरक हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांसारख्या वायूंनी भरून काढला आहे. हे वायू जमिनीतून निघणारी उष्णता अडवून धरतात. हाच तो हरितगृह परिणाम. त्याची हल्ली बदनामी झाली आहे, पण तो मुळीच नसता, तर हे भाषण द्यायला मी नसतो आणि ऐकायला तुम्ही नसता.

पांघरूण किती जाड, यावर सगळे अवलंबून आहे. शुक्र आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा. त्याची हवा मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची आणि तिचा दाब आपल्या हवेच्या ९० पटींहून अधिक. परिणामी तिथे सुमारे ४६५ अंश तापमान आहे. शिसे वितळेल एवढे. उलट मंगळाच्या हवेचा दाब आपल्या एक टक्काही नाही.

आता गंमत अशी, की शुक्राच्या हवेत जेवढा कार्बन आहे, साधारण तेवढाच पृथ्वीपाशीही आहे. मग आपला शुक्र का झाला नाही? कारण आपला कार्बन हवेत नाही. तो दगडात आहे. तो दगडात कसा गेला, ही गोष्ट मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटते, आणि तिथेच आबांचा पाऊस येतो.

पाऊस, कातळ आणि ज्वालामुखी

ढगातून पडणारा थेंब खाली येता येता हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो. त्यामुळे पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. अगदी पातळ, बेचव सोडावॉटर म्हणा. हे पाणी मातीत मुरते, तिथे झाडांच्या मुळांपाशी आणखी कार्बन डायऑक्साइड त्याला मिळतो, आणि मग ते खडकाला हळूहळू खाऊ लागते. खडकातले कॅल्शियमसारखे घटक सुटे होतात आणि हवेतून आलेला कार्बन त्यांच्यासोबत पाण्यातून वाहू लागतो.

हे पाहायला लांब जायला नको. आपला सह्याद्री आणि सारे दख्खनचे पठार ज्या काळ्या कातळाचे बनले आहे, तो बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून थिजला. बेसॉल्ट हा पावसापुढे लवकर झिजणाऱ्या खडकांपैकी एक आहे, आणि दख्खनच्या नद्यांचे पाणी तपासून शास्त्रज्ञांनी ही झीज मोजली आहे. आपली काळी कसदार जमीन म्हणजे झिजलेला बेसॉल्टच. कोकणातला जांभा हीही त्याच झिजेची, अधिक पावसातली, पुढची पायरी. काळ्या रानात विहीर खणताना मातीत पांढरे चुनखडीचे खडे निघतात, ते तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यावर लिंबू पिळा. बुडबुडे येतील. तो जो वायू फसफसून बाहेर पडतो, तो कार्बन डायऑक्साइड. तो मातीतल्या पाण्याने टिपला आणि कातळातून सुटलेल्या कॅल्शियमशी बांधून खड्यात कोंडला.

उरलेला बराचसा माल गोदावरी, कृष्णा यांच्यासारख्या नद्या समुद्रात नेऊन टाकतात. समुद्रातले जीव त्यापासून शिंपले, शंख, कवचे बनवतात. ते मेले की कवचे तळाशी साचतात आणि कालांतराने त्यांचा चुनखडक होतो. हवेतला वायू असा दगडात जाऊन बसतो.

पण हे एकाच दिशेने चालू राहिले असते, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड संपून पृथ्वी गोठली असती. परतीची वाटही आहे. पृथ्वीचे कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे सावकाश सरकत असतात. समुद्रतळाचा तुकडा दुसऱ्या तुकड्याखाली शिरतो, चुनखडक खोल उष्णतेत जातो, तिथे त्यातला कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो आणि ज्वालामुखींच्या तोंडून पुन्हा हवेत येतो. कोकणात पूर्वी भट्टीत शिंपले भाजून चुना करत. त्या भट्टीतही हेच घडे: शिंपल्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जाई आणि चुना मागे राही.

आता या चक्राची खरी करामत पाहा. समजा, काही कारणाने पृथ्वी तापली. मग समुद्रातून वाफ जास्त, पाऊस जास्त, आणि उष्णतेत खडकाची झीजही जास्त. म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड अधिक वेगाने दगडात जाऊ लागतो, पांघरूण पातळ होते आणि पृथ्वी निवते. समजा, ती गारठली. मग पाऊस कमी, झीज कमी. ज्वालामुखी मात्र आपला वायू सोडतच असतात. तो हवेत साठत जातो, पांघरूण जाड होते आणि पृथ्वी पुन्हा उबते. इस्त्रीमध्ये तापमान सांभाळणारी कळ असते ना, तापली की वीज बंद आणि निवली की चालू, तशीच ही पृथ्वीची कळ. जेम्स वॉकर, पॉल हेज आणि कास्टिंग यांनी १९८१ साली ही कल्पना मांडली.

तिने पृथ्वीला किती वाचवले, याचा अंदाज सूर्याच्या इतिहासावरून येतो. सूर्य जन्मला तेव्हा आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी मंद होता. तरीही पृथ्वीवर तीन अब्ज वर्षांहून जुन्या, पाण्यात साचलेल्या खडकांचे पुरावे आहेत. त्या मंद उन्हातही पाणी गोठले नाही, ते जाड पांघरुणामुळे असावे, आणि सूर्य जसा प्रखर होत गेला तसे ते पातळ होत आले. कधी कधी ही कळ अडकलीही. सुमारे ७० कोटी वर्षांपूर्वी बर्फ विषुववृत्तापर्यंत पोहोचल्याच्या खुणा मिळतात. पाऊस जवळजवळ थांबला, खडकांवर बर्फ चढला, झीज बंद पडली. ज्वालामुखींचा वायू कोट्यवधी वर्षे साठत राहिला आणि अखेर त्यानेच बर्फ वितळवला.

म्हणून एखादा ग्रह अब्जावधी वर्षे राहण्याजोगा टिकायचा असेल, तर त्याला नुसते योग्य अंतर पुरत नाही. हवा हवी, उघडा खडक हवा, पोटात आग हवी आणि वरून पाऊस हवा. आबांनी चार शब्दांत विचारलेला प्रश्न तो हाच.

लहान ग्रहाचे दुखणे

पोटातली आग टिकायला ग्रहाला अंगपिंड लागते. लहान भांड्यातला चहा लवकर निवतो. मंगळाचे वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम एक दशांश. एकेकाळी तिथे पाणी वाहिले, तळी होती, हे क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स या गाड्यांनी तिथले थर तपासून दाखवले. पण मंगळ आतून लवकर थंडावला. हवा पुन्हा भरून काढणारे ज्वालामुखी मंदावले, त्याचे चुंबकीय क्षेत्र विझले आणि गुरुत्वाकर्षण कमी असल्याने हवा निसटत गेली. २०१४ मध्ये मंगळाजवळ पोहोचलेल्या मॅव्हेन यानाने हे निसटणे प्रत्यक्ष मोजले.

फार मोठे असणेही सोयीचे नाही. पृथ्वीच्या साधारण १.६ पट त्रिज्येच्या पुढचे ग्रह बहुधा हायड्रोजन-हेलियमची जाड रजई पांघरून बसलेले असतात. तिथे आपल्या अर्थाने जमीनच नाही.

चुंबकीय क्षेत्राबद्दल मात्र मतभेद आहेत. ते ताऱ्याकडून येणारे विद्युतभारित कण अडवते आणि हवेचे रक्षण करते, असे आपण शिकलो. पण शुक्राला असे स्वतःचे क्षेत्र नाही आणि तरी त्याची हवा भरभक्कम आहे. दूरच्या ग्रहांची चुंबकीय क्षेत्रे त्यांच्याकडून येणाऱ्या रेडिओलहरींवरून ओळखता येतील, अशी आशा आहे. नारायणगावाजवळ खोडदला असलेल्या आपल्या जीएमआरटी दुर्बिणीनेही तसे प्रयत्न झाले आहेत. निर्विवाद पुरावा अजून हाती आलेला नाही.

लाल ताऱ्यांचा आसरा

आपल्या आकाशगंगेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे सूर्यासारखे नाहीत. ते लहान, मंद, लालसर आहेत. त्यांना लाल बटू म्हणतात. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा याच जातीचा, आणि २०१६ मध्ये त्याच्याभोवती वसतियोग्य पट्ट्यात एक ग्रह सापडला. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या लाल बटूभोवती तर पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह असल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले, आणि त्यांतले तीन तरी पट्ट्यात बसतात.

पण मंद शेकोटीशी ऊब घ्यायची, तर अगदी जवळ बसावे लागते, आणि जवळ बसले की ठिणग्या अंगावर येतात. या ताऱ्यांवर वारंवार भडके उडतात. शिवाय तरुणपणी ते बराच काळ अधिक तेजस्वी असतात, तेव्हाच जवळच्या ग्रहावरचे पाणी उडून जाण्याचा धोका असतो. इतक्या जवळच्या ग्रहांची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते, जशी चंद्राची आपल्याकडे. अर्ध्यावर न मावळणारा दिवस, अर्ध्यावर न संपणारी रात्र. पुरेशी हवा असेल तर वारे उष्णता अंधाऱ्या बाजूकडे नेऊ शकतात, असे गणिते सांगतात. म्हणजे पुन्हा प्रश्न हवेचाच.

तो आता प्रथमच थेट विचारता येतो आहे. डिसेंबर २०२१ मध्ये अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने ट्रॅपिस्टच्या ग्रहांकडे डोळा लावला. सर्वांत आतल्या ग्रहाचे दिवसाचे तापमान सुमारे २३० अंश निघाले. हवा नसलेल्या नुसत्या कातळाचे असावे तसे. दुसऱ्यावर कार्बन डायऑक्साइडचे जाड आवरण नाही, हेही २०२३ मध्ये कळले. सर्वांत आशादायक मानल्या गेलेल्या ‘ई’ या ग्रहाची पहिली निरीक्षणे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. हवा आहे असेही म्हणता येत नाही, नाही असेही नाही. ताऱ्यावरचे डाग मोजमापात घोळ घालतात. निरीक्षणे चालू आहेत.

राहण्याजोगे आणि राहते

राहण्याजोगे घर आणि राहते घर यांत फरक असतो. ग्रहावर जीवन आहे हे दुरून ओळखायचे कसे? १९९० च्या डिसेंबरात गुरूकडे निघालेले गॅलिलिओ यान वाटेत पृथ्वीजवळून गेले, तेव्हा कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी एक मजेदार प्रयोग केला. आपल्याला पृथ्वीबद्दल काहीच माहीत नाही असे समजून यानाच्या नोंदी वाचल्या. हवेत भरपूर ऑक्सिजन होता आणि सोबत मिथेनही. हे दोन वायू एकमेकांना संपवतात. ते एकत्र टिकून आहेत, याचा अर्थ कोणीतरी दोन्ही सतत तयार करत आहे.

पण याच पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साचू लागला, तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. त्याआधी दीर्घ काळ इथे सूक्ष्म जीव होते आणि हवेत ऑक्सिजन नव्हता. त्या काळात कोणी दुरून पाहिले असते, तर पृथ्वीला निर्जीव ठरवून पुढे गेले असते.

उलट चूकही होऊ शकते. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या गटाने १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८ बी या ग्रहाच्या हवेत डायमिथाइल सल्फाइडचा माग लागल्याचे सांगितले. आपल्याकडे हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो. जगभर मथळे झाले. ‘अधिक निरीक्षणे हवीत’ असे त्या गटाने स्वतःच म्हटले होते. ते वाक्य मथळ्यात मावले नाही. इतर गटांनी तीच आकडेवारी तपासून हा पुरावा अपुरा असल्याचे मत दिले. शिवाय तो ग्रह त्रिज्येने पृथ्वीच्या अडीचपटीहून मोठा आहे. पृथ्वीसारखा तो नाहीच.

आपल्या कळीचा वेग

आता शेवटचे. पृथ्वी आपोआप आपले तापमान सांभाळते, हे ऐकून कोणी म्हणेल, मग हवामानबदलाची एवढी काळजी कशाला? काळजी वेगाची आहे. पाऊस-कातळाचे हे चक्र काम करायला लाखो वर्षे घेते. गेल्या सुमारे दोनशे वर्षांत आपण हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत २८० वरून ४२० च्या पुढे नेला. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा वायू सोडतात, त्याच्या जवळजवळ शंभरपट आपण सोडतो. कळ पडेल, यात शंका नाही. ती पडेपर्यंत कोण थांबणार, हा प्रश्न आहे.

आणि जायचे म्हटले तरी जाणार कुठे? सर्वांत जवळचा प्रॉक्झिमा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. व्हॉयेजर-१ यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे. त्या वेगाने तिकडे पोहोचायला ७० हजारांहून अधिक वर्षे लागतील. तिथे हवा आहे की नाही, हे तर आपल्याला अजून माहीतही नाही. हे ग्रह आपण शोधतो ते तिथे जायचे म्हणून नव्हे. आपली पृथ्वी कशावर उभी आहे, हे समजायला तुलनेसाठी दुसरी पृथ्वी लागते, म्हणून.

त्या गावाला मी नंतर एकदा गेलो होतो. आबांची भेट झाली नाही. भेटले असते तर सांगितले असते, “आबा, तिथं पाऊस पडतो का ते अजूनही कळलेलं नाही. पण तुम्ही विचारलं होतं तेच आता मोठमोठ्या दुर्बिणी विचारताहेत.” आणि त्यांच्याच बांधावरचा चुनखडीचा एखादा पांढरा खडा उचलून त्यांच्या हातावर ठेवला असता.

तुमच्या रानात असे खडे असतील, तर मुलांना जवळ बोलवा आणि त्यावर लिंबू पिळून दाखवा.